ओटा नसलेलं गाव

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहत होतो तेव्हाची गोष्ट. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला बव्हेरियातल्या शाळांना पंधरा दिवस सुट्टी लागते. त्या पंधरा दिवसांत आमच्या गावात दोनच जातींची माणसं दिसायची. एक टेकडीवरच्या बिअरच्या जत्रेला निघालेली, आणि दुसरी गाडीच्या टपावर सायकली बांधून दक्षिणेकडे सुटलेली. आम्ही दुसऱ्या जातीतले. फरक एवढाच की आमच्या टपावर सायकली नसायच्या, डिकीत कुकर असायचा.

त्या वर्षी सासू-सासरे तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते आणि नवऱ्याच्या मनाने घेतलं की आई-बाबांना इटलीचा समुद्र दाखवायचा. "समुद्र काय, आम्ही गणपतीपुळ्याला पाहिलाय की," असं सासरे म्हणाले, पण ते 'नको' या अर्थाने नव्हे. त्यांनी लगेच नकाशा मागवला. नवऱ्याचा ऑफिसातला एक जर्मन सहकारी दरवर्षी इटलीला जायचा. त्याने सांगितलं की समुद्राच्या काठाने, डोंगराला चिकटून ओळीने पाच गावं आहेत. बोगद्यातून रेल्वे जाते, एका गावातून दुसऱ्यात जायला काही मिनिटं लागतात, तेव्हा कुठल्याही एका गावात राहा आणि बाकीची चार हिंडून या.

'कुठल्याही' हाच शब्द त्याने वापरायला नको होता. माझा नवरा इंजिनिअर आहे, हॉस्पिटलात लागणाऱ्या मोठाल्या मशीनच्या आतले भाग करतो, आणि जगात कुठलंही चालेल अशी एकही गोष्ट त्याला आजवर भेटलेली नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पाच गावांच्या रंगीत प्रिंट पसरल्या गेल्या आणि पोह्यांच्या बशा खिडकीत गेल्या.

मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रियोमाजोरे. सासऱ्यांनी ही नावं एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. ते पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणूनच निवृत्त झालेले. त्यांनी तिथल्या तिथे पाचही गावांचं नव्याने बारसं केलं: वाळूचं, बंदराचं, पायऱ्यांचं, चढाचं आणि शेवटचं. पुढे सबंध आठवडाभर आमच्या घरात हीच नावं चालली. नवऱ्याने लॅपटॉपमध्येसुद्धा तीच टाकली, कारण टाइप करायला सोपी होती.

मग सासऱ्यांनी भिंग मागितलं आणि एकेक फोटो तपासायला घेतला. "ही घरं नुसती डोंगराला टेकवून ठेवलीयेत," ते म्हणाले. "पाया कुठाय? आणि पावसाचं पाणी जातं कुठे?"

"बाबा, लोक तिथे शेकडो वर्षं राहतायत."

"राहात असतील. मी असतो तर हे शेवटचं मंजूर केलं नसतं."

आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. आजोबांनी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं आणि दोघांनी सगळं समजल्यासारखं पुढे जायचं, असा त्यांचा संसार मजेत चालला होता. तुला कुठलं गाव हवं असं आजोबांनी विचारल्यावर ती पुस्तकातून डोकं वर न काढता "श्ट्रांट" एवढंच म्हणाली. म्हणजे किनारा, म्हणजे वाळू. तिचं मत पाच सेकंदांत पडलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. आमच्या घरात विचार करण्याची ही पद्धत तिने कुठून उचलली कोण जाणे.

नवऱ्याची पद्धत वेगळी. तिला जर्मनीत नुट्सवेर्ट-अनालीजे म्हणतात. कंपनीत काही निवडायचं असलं की आधी निकष लिहून काढायचे, कुठला निकष किती महत्त्वाचा त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचं, मग प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे, गुणाकार, बेरीज, आणि ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. मशीनच्या स्क्रूसाठी हे उत्तमच असणार. पण आमच्याकडे याच रीतीने धुण्याचं मशीन आलं, लेकीचं नाव बालवाडीत घातलं गेलं आणि एकदा उशाही घेतल्या गेल्या, ज्यांच्यावर आजतागायत कुणाला नीट झोप लागलेली नाही. सुदैवाने आमचं लग्न तो जर्मनीला यायच्या आधी झालं होतं.

निकष पडले ते असे: वाळू, देखावा, शांतता, स्टेशन जवळ आहे का, पायऱ्या किती, भाडं आणि किचन. वजनं वाटून झाल्यावर मी स्क्रीनकडे पाहिलं तर सगळ्यांत जास्त वजन किचनला.

"किचनला एवढं?"

"आई आहे ना," नवरा म्हणाला.

आता मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. मला ओटा नसलेलं गाव हवं होतं. आम्ही सुट्टीला जायचो ते नेहमी फेरिएनवोनुंगमध्ये, म्हणजे आठवड्यापुरतं भाड्याने घेतलेल्या घरात, आणि त्या घराला स्वयंपाकघर असायचंच. ऑस्ट्रियातल्या एका तळ्याच्या काठी मी कणीक मळली आहे. उत्तर समुद्राच्या काठी मी साबुदाणा भिजवला आहे, आणि बाहेर वारा इतका होता की तोच दिवस घरात बसून सार्थकी लागला असं सगळे म्हणाले. परक्या घरातल्या बोथट सुऱ्या, एकच धड पातेलं, इलेक्ट्रिक शेगडीचं ते न तापणं आणि मग न निवणं, हे सगळं करून परत यायचं आणि सोमवारी युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात कामावर हजर व्हायचं. तिथे सगळे विचारायचे, झाला का आराम?

म्हणून मी गुपचूप वाळूच्या गावातलं एक पेन्सिओन शोधून काढलं होतं, घरगुती हॉटेल म्हणा. तिथे हाल्बपेन्सिओन मिळत होतं. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण दुसऱ्या कुणीतरी करायचं, भांडीही त्यांनीच घासायची, आपण नुसतं जिना उतरून खुर्चीत बसायचं. जर्मन भाषेवर माझा फारसा जीव नाही, पण हा शब्द मला मनापासून आवडतो. त्याचीही प्रिंट मी ढिगात सरकवली. नवऱ्याने न्यायाने तोही पर्याय तक्त्यात घेतला आणि किचनच्या रकान्यात त्याला शून्य दिलं.

बेरीज झाली आणि पायऱ्यांचं गाव जिंकलं. का, तर तिथल्या घरात चार शेगड्या, ओव्हन आणि वर गच्ची होती. हे गाव पाचांतलं एकटंच समुद्रापासून उंच, कड्याच्या डोक्यावर बसलेलं. खाली स्टेशन, वर गाव, आणि मध्ये विटांचा नागमोडी जिना, जो फोटोतसुद्धा एका कागदावर मावत नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. आमच्या इमारतीचे चार जिने चढताना त्या दर मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायच्या, ते काही फुलांच्या प्रेमाने नव्हे. गंमत म्हणजे पायऱ्यांचा निकषही तक्त्यात आईच्याच नावावर होता. गुडघे आणि किचन, दोन्ही आईचं, आणि त्यांच्यात किचन जिंकलं.

"आईंना तू त्या जिन्यावरून नेणार? कुकरसकट?"

"वर जायला बस आहे. आणि एकदा वर पोचलो की खाली यायचं कारणच नाही. गच्ची आहे."

"म्हणजे समुद्र गच्चीवरून बघायचा."

"गेनाऊ," नवरा म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. इतक्या समाधानाने म्हणाला की मला त्या क्षणी टेबलावरच्या पाचही गावांचा राग आला.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून कोथिंबीर निवडत होत्या. नवऱ्याने मान वळवून विचारलं, "आई, पायऱ्यांचं घेतोय. तुझं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं? तुम्ही ठरवाल ते."

झालं. आमच्या घरात हे वाक्य म्हणजे ठराव मंजूर झाल्याचा शिक्का. सुट्टी तोंडावर आली होती, बाकी घरं भराभर जात होती, आणि त्या चार शेगड्यांच्या मालकाने शुक्रवारपर्यंत थांबतो असं कळवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी तयारी सुरू केली. सोमवारी भाजणी भाजली गेली. मंगळवारी मेतकूट झालं, बुधवारी गोड्या मसाल्याच्या पुड्या बांधल्या, कुकरची रिंग बदलली, शिट्टी धुऊन पुसून रुमालात गुंडाळली. पोळपाट डिकीत आडवा मावतो की उभा हे बघायला त्या सासऱ्यांना घेऊन खाली गाडीपाशी गेल्या. मी कामावरून आले की घरभर खमंग वास सुटलेला असायचा आणि माझ्या पोटात राग. सासू कजाग असती तर भांडता तरी आलं असतं. या बाईंनी मला उभ्या आयुष्यात एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. त्यांच्यासाठी चार शेगड्या मागितल्या जात असताना मी मध्ये कुठल्या तोंडाने पडणार?

गुरुवारी मला सुट्टी होती. आम्ही दोघी बसने बाजारात गेलो. श्पार्गलचे दिवस होते. आमच्या भागात त्या दिवसांत सगळी जर्मन मंडळी त्या पांढऱ्या शतावरीच्या जुड्यांमागे वेडी झालेली असतात. सासूबाईंनी एक जुडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "ऊनच लागू देत नाहीत वाटतं बिचाऱ्यांना," त्या म्हणाल्या, पण घेऊन बघू या म्हणाल्या. मग त्यांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून आम्ही चौकातल्या एका बेकरीबाहेर खुर्च्यांवर टेकलो. मी दोन कॉफ्या आणि स्ट्रॉबेरीचा केक मागवला. तिथल्या बाईने सगळं ट्रेमधून आणलं, सासूबाईंच्या समोर बशी ठेवली, काटा उजव्या हाताला लावला, कागदी रुमाल दुमडून बाजूला ठेवला आणि हसून निघून गेली.

सासूबाईंनी लगेच काही खाल्लं नाही. त्या बशीकडे बघत राहिल्या.

"हे बरं असतं, नाही?"

"काय, आई?"

"असं. आपण नुसतं बसायचं, आणि कुणीतरी पुढ्यात आणून ठेवायचं." मग त्यांनी केकवरची एक स्ट्रॉबेरी काट्याने अलगद उचलली. "आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, हा तेव्हा चौथीत असेल. बंगलाच घेतला होता, किचन होतं मोठं. सगळी पॉइंट बघायला जायची आणि माझा कुकर लागायचा असायचा. स्ट्रॉबेरी मी पाहिली ती टोपलीतून धुवायला आलेली."

"आणि तिरुपतीला गेला होतात ते?"

"स्टोव्ह नेला होता."

"गणपतीपुळ्याला?"

"तिथे खोलीच्या मागच्या बाजूला ओटा होता." त्यांनी जरा आठवून पाहिलं. "समुद्र ऐकू यायचा हं छान."

हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. एखाद्या गावाला किती वाजता गाडी पोचते ते सांगावं तसं सांगत होत्या. मी मात्र काटा खाली ठेवला.

"मग आई, यावेळी तरी कशाला हवंय तुम्हाला किचन?"

"मला? मला कशाला हवंय? तुला हवंय ना?"

"मला?"

"अगं, हा फोनवर नेहमी कौतुकाने सांगतो, आम्ही कुठेही गेलो तरी ही सगळं घरच्यासारखं करते म्हणून. मला वाटलं तुझी हौस आहे. आपण कशाला मध्ये बोला? म्हटलं, निदान तयारी तरी करून देऊ, तेवढाच तुझा भार हलका. म्हणून तर भाजणी केली."

मी आधी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते काही हसण्याचं नव्हतं. मी त्यांना सांगून टाकलं की सुट्टीत मला स्वयंपाकघराचं तोंडही बघायचं नसतं, आणि त्या साबुदाण्याची हकिगत सांगितली. त्या ऐकून घेत होत्या.

"मग बोलायचं नाही का तसं?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मला कुणी विचारलं?"

"विचारलं की रविवारी."

"ते विचारणं नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "ते सांगणं."

मी म्हटलं, आज घरी गेल्या गेल्या बोलते. तर त्यांनी माझा हातच धरला. "नको. तू बोललीस तर म्हणतील, सुनेने फितवलं. मी बोलले तर म्हणतील, आता म्हातारपणी हे थेर. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. दोघी मिळून करू, झटपट उरकेल." आणि मी काही बोलणार नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. केक मात्र त्यांनी शेवटच्या कणापर्यंत संपवला, आणि बशी उचलून आत नेऊन द्यायला उठल्या तेव्हा मी त्यांना खाली बसवलं.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा लॅपटॉप आणि फोन घेऊन टेबलाशी बसला. सासरे शेजारी वर्तमानपत्राच्या जुन्या पुरवण्या वाचत होते, लेक पालथी पडून पुस्तक वाचत होती, आणि आम्ही दोघी श्पार्गल सोलत होतो. मी कबूल केलं होतं म्हणून गप्प होते, पण गप्प बसणं हा माझा प्रांत नाही. सोललेल्या काड्यांपेक्षा सालीच जाड निघत होत्या.

"चला, कळवतो आता त्याला," नवरा म्हणाला. "मग चार शेगड्या आपल्या."

"एकदा सगळ्यांना विचारून तर घे," मी म्हणाले. एवढं बोलण्याने वचन मोडतं असं मला आजही वाटत नाही.

"अगं, विचारलं की रविवारी."

"आता पुन्हा काय विचारायचं?" सासरे पुरवणीतून म्हणाले. "हिला स्वतःचं किचन लागतं. हिला पहिल्यापासून दुसऱ्याच्या हातचं आवडत नाही."

सासूबाईंचा हात थांबला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतोय."

"दुसऱ्याच्या हातचं मिळालंय कधी मला," सासूबाई म्हणाल्या, "आवडायला किंवा न आवडायला?"

आवाज रोजचाच होता. त्यांनी पुढची काडी सोलायला घेतली. सासऱ्यांनी पुरवणी खाली ठेवली, नवऱ्याने आधी आईकडे आणि मग स्क्रीनकडे पाहिलं, जणू हे कुठल्या रकान्यात बसतं ते तो शोधत होता. शांततेने लेकीचं लक्ष वेधलं. काय झालं, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

"आजीला सुट्टी हवीये," मी म्हणाले.

"ना क्लार," ती म्हणाली, म्हणजे त्यात काय विशेष, आणि पुन्हा पुस्तकात गेली.

नवऱ्याने घसा खाकरला. "ठीक आहे. म्हणजे किचनचं वजन शून्य करायचं का?" त्याने ते केलंही. पण बटण दाबता दाबता त्याचं बोट अडलं. "पण मग आमटी-भाताचं काय?"

"कुणाच्या?" मी विचारलं.

"म्हणजे... बाबांच्या."

"माझ्या?" सासरे म्हणाले. "मी तीस वर्षं साइटवर काढली. डाक बंगल्यावरचा खानसामा जे वाढेल ते खाल्लं. मला कसली आमटी आणि कसला भात."

आम्ही तिघेही नवऱ्याकडे बघायला लागलो. तो हळूहळू लाल होत गेला. आमच्या घरात रात्री आमटी-भात पोटात गेल्याशिवाय झोप न येणारा माणूस एकच होता, आणि तो सकाळी गळ्यात ओळखपत्र घालून जर्मनांना निकष कसे लावावेत ते शिकवायला जायचा. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. आईसाठी किचन हवं असं त्याला खरंच वाटत होतं. लहानपणापासून तो जिथे जिथे गेला तिथे आई ओट्याशी होती, तेव्हा ओटा आईलाच लागत असणार, असा त्याचा सरळ हिशोब होता.

किचनचं वजन शून्य केल्यावर बंदराचं गाव पुढे आलं, आणि नवरा लगेच देखाव्याचं वजन जरा जास्त पडलंय का याचा विचार करायला लागला.

"मिटव ते," सासरे म्हणाले. "आम्हीही धरणाची जागा ठरवताना असले तक्ते करायचो. जागा आधी ठरायची, तक्ता मागाहून."

मग त्यांनी सगळ्या प्रिंट गोळा केल्या, त्यांचा गठ्ठा नीट सारखा केला आणि तो सासूबाईंच्या पुढे ठेवला. "तुला कुठलं हवंय?"

सासूबाई पदराला हात पुसत राहिल्या. मला वाटलं, आता 'तुम्ही ठरवाल ते' येणार. सासरेही थांबले होते, आणि ते वाट बघण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते. शेवटी सासूबाईंनी गठ्ठ्यातून एकेक कागद बाजूला सारला आणि पेन्सिओनची प्रिंट काढली. तिच्यावर द्राक्षाच्या मांडवाखाली मांडलेल्या एका टेबलाचा फोटो होता, पांढरा कपडा घातलेलं, मागे थोडा समुद्र.

"हे वाळूचं. सपाट आहे. आणि इथे," त्यांनी टेबलावर बोट ठेवलं, "इथे बसायचंय मला."

पेन्सिओनला फोन मीच लावला, नवऱ्याला हात लावू दिला नाही. मालकीणबाईंना जर्मन येत होतं. खोल्या होत्या, कुणीतरी नुकत्याच रद्द केल्या होत्या. मी आमचं ते नेहमीचं पुराण सुरू केलं, मांस नाही, मासे नाहीत, तर त्या म्हणाल्या त्यात काय कठीण आहे, बटाटा, घेवडा आणि तुळशीच्या भाईबंदाची हिरवी चटणी घालून पास्ता करतो, आणि हरभऱ्याच्या पिठाचं भलंमोठं धिरडं भट्टीत भाजतो. हे मी फोन हातात धरूनच सगळ्यांना सांगितलं.

"हरभऱ्याचं पीठ वापरतात?" सासरे म्हणाले. "मग लोक चांगले असणार."

खोलीत एक छोटी शेगडी ठेवून देऊ का, असंही मालकीणबाईंनी आपुलकीने विचारलं. मी इतक्या जोरात 'नाइन! नको!' म्हणाले की लेक दचकली.

निघालो तेव्हा टपावर सायकली नव्हत्या आणि डिकीत कुकरही नव्हता. डिकी एवढी रिकामी की ब्रेक लागला की सासऱ्यांची छत्री इकडून तिकडे घरंगळायची. ऑस्ट्रियात लेकीचं बोट दारात चेमटलं म्हणून मी प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर पट्ट्यांच्या खाली मेतकुटाची बाटली आणि लोणच्याची पुडी. नवऱ्याने समोरच्या रस्त्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं. मी एक पट्टी काढून घेतली आणि पेटी बंद केली. त्यालाही सुट्टी होतीच.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाचही जण त्या मांडवाखाली बसलो. आमच्याकडे सासूबाई आल्या की जेवणं एका ठरलेल्या रीतीने व्हायची. बाप-लेक आणि नात आधी बसायची, तव्यावरची गरम पोळी त्यांच्या पानात पडायची, मी बसले नाही तर मला ओरडा मिळायचा, आणि सगळ्यांचं झालं की सासूबाई एका कडेला बसून उरलेलं पाच मिनिटांत संपवायच्या, कारण मागे भांडी पडलेली असायची. इथे पाचही बशा एकदम आल्या. सासूबाई सवयीने दोनदा उठल्या, एकदा पाण्यासाठी आणि एकदा नुसत्याच. दुसऱ्या वेळी मालकीणबाईंची म्हातारी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इटालियनमध्ये काहीतरी बोलून त्यांना खाली बसवलं. त्या मग उठल्या नाहीत.

नवऱ्याचं जेवण झालं, सासऱ्यांचं झालं, लेक तर कधीच वाळूत पळाली होती. सासूबाईंची बशी अजून निम्मीही झाली नव्हती. त्या पास्त्याचा एक तुकडा काट्यावर घ्यायच्या, समुद्राकडे बघायच्या, मग तो खायच्या, पावाचा तुकडा मोडून चटणीत बुडवायच्या, पुन्हा थांबायच्या. नवरा खुर्ची मागे सरकवून उठायला लागला तर सासऱ्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला थांबवलं. ते बराच वेळ बायकोकडे बघत होते.

"ही एवढी सावकाश जेवते?" त्यांनी मला हळूच विचारलं.

त्यांच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती.

"मीही आजच बघतेय, बाबा," मी म्हणाले. मग आम्ही तिघं हात धुवायलाही न उठता तिथेच बसून राहिलो, त्यांचं होईपर्यंत.